दोन रंगांची शीव

लोणंद हे सातारा जिल्ह्यातील कांद्याच्या पेठेचे गाव. आषाढी वारीच्या दिवसांत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरते, ती प्रथम येथेच मुक्कामास येते. पुणे-मिरज लोहमार्गावरील हे एक जुने स्थानक. शिवाय फलटण, शिरवळ, सातारा आणि नीरा यांकडील वाटा येथे एकत्र येत असल्याने एस. टी. च्या गाड्यांची वर्दळही सदैव चालू. अशा गावाच्या थांब्यावर उभ्या असलेल्या उतारूंची एक गंमत पाहण्यासारखी असते. गाडी अजून दूर वळणावर धुळीत असते. तिच्या कपाळावरील पाटी वाचता येईल इतकी ती जवळ आलेली नसते. तरीही येणारी गाडी साधी तांबडी आहे, की हिरव्या-पांढऱ्या रंगाची निमआराम, हे उतारू जाणतात आणि गाठोडे उचलावे की खालीच राहू द्यावे याचा निर्णय करून मोकळे होतात. १९८२ साली दिल्लीस आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या, त्यांच्या नावावरून त्या निमआराम गाडीस लोक अजून ‘एशियाड’ म्हणतात. ज्या म्हाताऱ्या माणसास अक्षरओळख नाही, तोही एशियाड ओळखण्यात चुकत नाही.

वस्तुतः दोन्ही गाड्यांचा सांगाडा पुष्कळसा सारखाच. लांबरुंद पेटी, खिडक्यांची रांग, पुढे काच, वर टप. ओळख पटते ती रंगांनी. आणि त्यातही, एक रंग कोठे संपतो व दुसरा कोठे सुरू होतो, त्या रेघेने. लुगड्याची पारख जशी काठावरून होते, तशीच गाडीचीही. अंगाचा रंग पुष्कळांचा एक असेल. काठाने ते लुगडे कोणत्या गावचे, हे सांगितले जाते. परंतु लुगड्याचा काठ मागावर वेगळ्या सुताने विणला जातो. तेथे अंगाचा रंग काठात उतरण्याची भीती विणकरास नसते. गाडीचा काठ ओल्या रंगाने घालावयाचा असतो, आणि ओला रंग म्हणजे पाणीच. त्यास शीव कळत नाही. त्यास शीव पाळावयास लावण्याची जी युक्ती मनुष्याने काढली, तिचा इतिहास मोठ्या गाड्यांवर सुरू होतो आणि तिची खरी परीक्षा मात्र तळहातावर मावणाऱ्या लहान गाड्यांवर होते.

मोटारीच्या पूर्वी घोड्याच्या गाड्या होत्या, आणि त्या गाड्या रंगविणाऱ्या कारागिरांची एक स्वतंत्र जातकुळीच होती. त्यांचे रंग तेलाचे व वर रोगण. एक हात द्यावयाचा, तो वाळू द्यावयाचा, घासून गुळगुळीत करावयाचा, मग दुसरा हात. असे करता करता एका गाडीस आठवडेच्या आठवडे लागत. सर्वांत शेवटी येई तो रेघ ओढणारा. त्याच्या कुंचल्याचे केस बोटाएवढे लांब व मऊ असत. कुंचला रंगाने भरून घ्यावा, मनगटास काठीचा आधार द्यावा, आणि श्वास रोखून एका ओढीत चाकाच्या आऱ्यावरून अथवा दाराच्या कडेवरून रेघ न्यावी, अशी त्याची रीत. या कामात झाकाझाक काही नसे. रंगाची शीव त्याच्या मनगटात असे. जे मनगटात नसेल ते गाडीवर उतरावयाचे नाही.

महाराष्ट्रात या परंपरेचे सर्वांत देखणे उदाहरण रुळांवरून धावले. १ जून १९३० रोजी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने मुंबई आणि पुणे यांच्या दरम्यान ‘दख्खनची राणी’ सुरू केली. सात-सात डब्यांचे दोन संच तिच्यासाठी सिद्ध केले होते. डब्यांचे खालचे सांगाडे विलायतेहून आले होते, तर वरची घडण माटुंग्याच्या कारखान्यात झाली होती. एका संचाचा रंग रुपेरी आणि त्यावरील उठावाच्या पट्ट्या लालभडक; दुसरा संच राजेशाही निळा आणि त्यावर सोनेरी रेघा. त्या उठावाच्या पट्ट्या केवळ शोभेच्या नव्हत. डब्याचे तक्ते जेथे सांधले जात तो सांधा त्यांच्यामुळे झाकला जाई, आणि रंगाऱ्यासही त्यांचा मोठाच आधार होई. पट्टीची कड हीच रंगाची कड. म्हणजे शीव आधी सुताराने आखून ठेवावयाची आणि मग रंगाऱ्याने ती राखावयाची, अशी ही वाटणी होती. पुढे पोलादी पत्र्याचे सपाट डबे आले, उठावाच्या पट्ट्या गेल्या आणि रंगाऱ्याचा हा आधारही गेला. १९६६ साली राणीचे जुने डबे काढून पेरांबूरचे पोलादी डबे तिला जोडले गेले. त्यानंतर रेघ राहिली, परंतु तिला टेकावयास जागा राहिली नाही.

मोटारीच्या कारखान्यांत हीच अडचण याच्या पुष्कळ आधी उभी राहिली होती, आणि तिचे कारण घाई हे होते. तेलरंगाच्या गाडीस वाळावयास जर महिना लागतो, तर दिवसास शेकडो गाड्या करणाऱ्या कारखानदाराने त्या ठेवाव्या कोठे? हेन्री फोर्डने १९१४ पासून १९२५ पर्यंत आपली ‘मॉडेल टी’ केवळ काळ्या रंगात विकली. भट्टीत भाजून लवकर वाळणारा स्वस्त व टिकाऊ काळा रंग त्यास सोयीचा होता. १९२३ मध्ये ड्यूपाँ आणि जनरल मोटर्स यांनी ‘ड्यूको’ नावाचे नवे रोगण ओकलंड या गाडीवर लावून बाजारात आणले. ते नायट्रोसेल्युलोजचे असून आठवड्यांचे काम तासांत करी, आणि ते वाटेल त्या रंगात मिळे. आता ग्राहकही एका रंगावर संतुष्ट राहीना. खाली एक रंग, वर दुसरा, मध्ये बारीक पट्टी, अशा दुरंगी गाड्यांची हौस पसरली.

परंतु हे नवे रोगण इतक्या झपाट्याने वाळे की कुंचल्याने ते नीट पसरतच नसे. ते फवाऱ्यानेच मारावे लागे. फवारयंत्राची कल्पना त्या वेळी नवी नव्हती. अमेरिकेतील टोलेडो गावच्या ॲलन डेव्हिलबिस या वैद्याने घशात औषध उडविण्यासाठी एक पिचकारी बनविली होती. तिच्यावरूनच त्याच्या मुलाने रंग उडविण्याचे यंत्र केले. फवाऱ्याचा गुण असा की त्याने रंग काचेसारखा सारखा बसतो. दोष असा की तो धुके आहे. कुंचल्याचा रंग जेथे टेकविला तेथे लागतो. फवाऱ्याचा रंग जेथे जेथे वारा जाईल तेथे तेथे बसतो. ज्या भागावर दुसरा रंग नको, तो भाग आता झाकून ठेवल्यावाचून गत्यंतर राहिले नाही. हस्तकौशल्याच्या जागी आवरणाचे कौशल्य आले ते येथे.

प्रारंभी कारागीर जुनी वर्तमानपत्रे व खाटकाकडील जाड कागद सरसाने चिकटवीत, किंवा शस्त्रवैद्याची चिकटपट्टी वापरीत. काम संपल्यावर हे आवरण ओढले की त्याबरोबर खालचा ताजा रंगही सोलून निघे, आणि सगळे काम पुन्हा आरंभापासून करावे लागे. १९२३ च्या सुमारास मिनेसोटातील सेंट पॉल शहरात रिचर्ड ड्र्यू नावाचा एक तरुण अशा एका रंगशाळेत गेला होता. तो पॉलिशकागद बनविणाऱ्या मिनेसोटा मायनिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीच्या प्रयोगशाळेत मदतनीस होता. शिक्षण अर्धवट सोडलेले. पोटासाठी कधी काळी नाचगाण्याच्या ताफ्यात बँजो वाजविलेला. पॉलिशकागदाचा नमुना दाखवावयास तो गेला, आणि रंग सोलून निघालेल्या गाडीपुढे शिव्या देत उभे असलेले रंगारी पाहून परतला. पॉलिशकागद म्हणजे तरी काय, एका बाजूस डिंक लावलेला कागदच. मग त्यावर वाळू न लावता तो तसाच का विकू नये, हा विचार त्याच्या मनाने घेतला. १९२५ साली त्याची झाकणपट्टी तयार झाली. बोटांच्या दोन पेरांएवढी रुंद, मातकट रंगाची, चुणीदार कागदाची.

आरंभीच्या पट्टीस डिंक फक्त दोन्ही कडांना लावलेला होता, आणि एका संतापलेल्या रंगाऱ्याने या कंजूषपणाबद्दल कंपनीच्या मालकांना ‘स्कॉच’ म्हणजे स्कॉटलंडकर म्हणून टोमणा मारला. तेच नाव पुढे मालास चिकटले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, पट्टीचे मर्म तिच्या नावात नसून तिच्या स्वभावात होते. तिने चिकटावे, पण जडू नये. रंगातील द्राव तिने आत येऊ देऊ नये. चुणीदार असल्यामुळे तिने वळणावरून वळावे, आणि काम होताच डाग न ठेवता निघून जावे. घरोघरच्या कागदपत्रांना चिकटविण्याची पारदर्शक पट्टी याच ड्र्यूने १९३० मध्ये काढली. ती जगभर गाजली, परंतु तिची ही थोरली बहीण कारखान्याच्या आडच राहिली.

येथून ही विद्या खेळण्यांच्या जगात उतरते. लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरील मेकॅनो कंपनी फ्रँक हॉर्नबी यांनी काढलेली. तिने खेळण्यातील आगगाड्यांच्या शेजारी मांडण्यासाठी १९३३ च्या अखेरीस धातूच्या लहान मोटारी बाजारात आणल्या, आणि १९३४ मध्ये त्यांस ‘डिंकी टॉईज’ हे नाव मिळाले. दुसऱ्या महायुद्धानंतर रस्त्यांवर दुरंगी मोटारींची लाट आली, तेव्हा डिंकीनेही आपल्या लहान मोटारी दोन रंगांत काढल्या. १९५३ पासून लंडनच्या लेस्नी कंपनीची ‘मॅचबॉक्स’ आणि १९५६ पासून वेल्समधील ‘कॉर्गी’ हे तिचे प्रतिस्पर्धी झाले. एवढ्या लहान वस्तूवर दर खेपेस पट्टी चिकटवीत बसणे कारखान्यास परवडणारे नव्हते. म्हणून गाडीच्या अंगावर नेमका बसेल असा पातळ धातूचा मुखवटा करीत. ज्या भागावर दुसरा रंग द्यावयाचा तेवढ्या भागापुरती त्यास खिडकी ठेवीत. गाडी मुखवट्यात दाबावयाची, फवारा मारावयाचा, गाडी काढून घ्यावयाची. समोरचे दिवे आणि जाळी यांवरचा रुपेरी रंगही पुष्कळदा असाच दिला जाई. मुखवटा कडेस नीट टेकला नाही, किंवा साचलेला रंग त्यावरून पुसला गेला नाही, तर शिवेवर रंगाचे धुके उतरे. जुन्या डिंकी गाड्या हाती घेऊन निरखणाऱ्यास असे धुके आजही दिसते, आणि त्यावरून त्या गाडीचा मुखवटा किती थकला होता याचा अंदाज तो बांधतो. १९६० नंतर डिंकीचे काही साचे कलकत्त्यास आले आणि तेथे ‘निकी टॉईज’ या नावाने गाड्या निघू लागल्या. भारतातील पुष्कळ मुलांच्या हाती विलायती घाटाची गाडी प्रथम पडली ती या मार्गाने.

खेळणे आणि प्रतिकृती यांत मात्र भेद आहे. खेळणे मुलाच्या कल्पनेस पुरते. प्रतिकृतीस सत्याची कसोटी लागते. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३० मध्ये मुलांसाठी कारागिरीची एक स्पर्धा सुरू केली. प्रथम नेपोलियनच्या काळच्या बग्गीची प्रतिकृती करावयाची असे. पुढे स्वतः कल्पिलेल्या मोटारीची प्रतिकृतीही स्वीकारली जाऊ लागली. १९६८ पर्यंत ही स्पर्धा चालली आणि तिच्यातून पुढे मोटारींचे अनेक आरेखक निघाले. प्लॅस्टिकचे भाग जोडून करावयाच्या मोटारींचे संच १९५० नंतर घरोघर गेले, आणि कारखान्यातील फवारयंत्राची धाकटी आवृत्ती, जी चित्रकारांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघाली होती, ती छांदिष्टाच्या टेबलावर आली. त्याचबरोबर एक जुना प्रश्नही आला, आणि तो पूर्वीहून कठीण होऊन आला.

तो प्रश्न गणिताचा आहे. मुंबईच्या कुर्ल्यास प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ पासून २००० पर्यंत जी फिआट, म्हणजे पुढची ‘पद्मिनी’ बनविली, तिची लांबी चार मीटरांहून थोडी कमी. तिची प्रतिकृती त्रेचाळिसाव्या हिश्शाने केली, तर ती सुमारे ९ सेंटिमीटरांची होते. गाडीच्या बाजूवर २ सेंटिमीटर रुंदीची चकचकीत पट्टी असेल, तर लहान गाडीवर ती अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक उरते. मनुष्याचा केस साधारणतः ०.०७ मिलिमीटर जाड असतो. कारागिराचा हात एका केसाएवढा चुकला, तर खऱ्या गाडीवर ३ मिलिमीटरांची चूक झाल्यासारखे ते दिसते, आणि डोळा ती चूक तत्काळ पकडतो. आणखी एक अडचण अशी की मोटारीचे माप घटविता येते, रंगाच्या थराचे येत नाही. फवाऱ्याचा एक बारीक थर ०.०३ मिलिमीटरांचा धरला, तरी त्रेचाळीस पटींनी तो सव्वा मिलिमीटरांहून जाड ठरतो. खऱ्या गाडीवर कोणी इतका जाड रंग थापला, तर दारांच्या फटी बुजून जातील. लहान गाडीवर हे नित्याचे संकट आहे. मोठ्या गाडीच्या रंगाऱ्यास केवळ शिवेची काळजी. लहान गाडीच्या रंगाऱ्यास शीव आणि शिवेची उंची, दोहोंची.

यावर छांदिष्टांनी अनुभवाने जे नियम बसविले, ते जाणण्याजोगे आहेत. पहिला नियम क्रमाचा. फिका रंग आधी, गडद नंतर. कारण पिवळ्यावर काळा एका हातात बसतो, परंतु काळ्यावर पिवळा बसविण्यासाठी तीन-चार हात द्यावे लागतात, आणि तितकी शिवेवर पायरी चढते. दुसरा नियम धीराचा. पहिला रंग वरून कोरडा दिसला तरी आत ओला असतो. त्यावर घाईने पट्टी लावली की पट्टीचा ठसा तरी उमटतो, नाही तर रंग तरी उचलला जातो. तिसरा नियम पट्टीच्या कडेचा. बाजारातून आणलेल्या गुंडाळीच्या कडेस धूळ व तंतू चिकटलेले असतात. म्हणून पट्टी आधी काचेवर लावून धारदार पात्याने तिची नवी कड कापून घ्यावयाची. जपानातील वाशी कागदाची पातळ पट्टी या कामी विशेष उपयोगी पडते. ती जितकी पातळ तितकी रंगाची पायरी कमी. वळणाच्या जागी एक रुंद पट्टी ओढून-ताणून बसवू नये. मिलिमीटर-दोन मिलिमीटरांची बारीक पट्टी वळणावरून न्यावी आणि उरलेली जागा कागदाने झाकावी.

चौथा नियम सर्वांत चतुर आहे, आणि तो प्रथम ऐकणाऱ्यास उलटा वाटतो. पट्टी कितीही दाबली, तरी तिच्या कडेखाली सूक्ष्म फटी राहतातच आणि नवा रंग त्यांतून आत झिरपतो. म्हणून पट्टी लावल्यावर तिच्या कडेवर नवा रंग न देता, खाली असलेलाच रंग पुन्हा एकदा हलकासा मारावयाचा. झिरपेल तो हाच रंग. तो ज्या रंगावर झिरपेल तोही तोच, तेव्हा दिसण्याचे कारण नाही. फटी अशा बुजल्या की मग दुसरा रंग निर्धास्तपणे द्यावा. फवाऱ्याचे तोंड पट्टीकडून मोकळ्या भागाकडे असावे, उलट कधीही नसावे; आणि एक जाड हात देण्याऐवजी अनेक पातळ हात द्यावेत. शेवटी पट्टी काढावयाची ती रंग अगदी कडक होण्यापूर्वी, सावकाश, स्वतःवरच दुमडत. वर ओढली तर रंगाची कड तुटते. सगळ्या कामाचा निकाल या एका क्षणी लागतो. कारागिराने तासन्‌तास जे केले ते त्यास दिसत नव्हते. पट्टी उठते तेव्हाच ते प्रथम दिसते.

चकचकीत धातूच्या पट्ट्यांसाठी याहून निराळी रीत आहे. रुपेरी रंगास खऱ्या धातूची झळाळी येत नाही; म्हणून एका बाजूस डिंक असलेला अत्यंत पातळ धातूचा वर्ख गाडीवर बसवितात, लाकडी काडीने तो उठावावर घासतात आणि पात्याने कडेकडेने कापून उरलेला उचलून घेतात. येथे दख्खनच्या राणीची ती उठावाची पट्टी आठवल्याशिवाय राहत नाही. साच्यानेच शीव उठविलेली असेल, तर पाते तिच्या आधाराने चालते. सावंतवाडीच्या कातारी लाखकामात तर आधार याहून सोपा आहे. लाकूड चरकावर फिरत असते, लाखेची कांडी त्यास टेकविली की पट्टा आपोआप सरळ येतो. जी वस्तू फिरविता येते तिची शीव यंत्रच राखते. मोटार फिरविता येत नाही, म्हणून तिला झाकावे लागते.

महाराष्ट्रात या छंदाने अलीकडे जे वळण घेतले आहे ते मोठे अर्थपूर्ण आहे. पुण्यात भाऊ जोशी यांनी आयुष्यभर जोपासलेल्या छंदातून लहान आगगाड्यांचे संग्रहालय उभे राहिले आणि १ एप्रिल १९९८ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. तेथे रूळ, सिग्नल, स्थानके व गाव यांचे एक सबंध धाकटे जग चालते-बोलते आहे. दुसरीकडे एस. टी. च्या चाहत्यांनी पुठ्ठा व सनबोर्ड कापून गाड्यांच्या प्रतिकृती करण्याचा छंद वाढविला आहे. दहा-अकरा मीटरांची गाडी चोविसाव्या हिश्शाने केली की ती हातभर होते. त्यांच्यापाशी विलायती संच नसतात; खिडकीची जाळी, टपावरची शिडी आणि चालकाचे दार ते स्वतःच घडवितात. परंतु या प्रतिकृती पाहावयास आलेल्या माणसाचे प्रथम लक्ष जाते ते रंगाच्या पट्ट्याकडे. जुन्या उतारूच्या तोंडून ‘हीच ती’ असे निघाले, तर ते त्या रेघेमुळे.

असे होण्याचे कारण उघड आहे. ज्या गाड्यांच्या या प्रतिकृती, त्या रस्त्यावरून नाहीशा होत आहेत. १ जून १९४८ रोजी पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरास, म्हणजे आताच्या अहिल्यानगरास, एस. टी. ची पहिली गाडी निघाली. ती निळ्या अंगाची व रुपेरी माथ्याची होती, तिची घडण लाकडी आणि बैठकी काथ्याच्या. योगायोग असा की दख्खनच्या राणीचा आणि तिचा जन्मदिवस एकच. मुंबईच्या बेस्टची शेवटची डिझेलवर चालणारी दुमजली गाडी १५ सप्टेंबर २०२३ रोजी धावली. त्यानंतर दीड महिन्याने, ३० ऑक्टोबरपासून, काळ्या अंगाची व पिवळ्या माथ्याची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. ज्या वस्तू काल नाक्यावर उभ्या होत्या, त्या आज स्मरणात आणि छायाचित्रांत उरल्या आहेत. तेव्हा प्रतिकृती ही आता केवळ शोभेची वस्तू राहिलेली नाही. ती साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराने खोटे बोलता कामा नये.

ही साक्ष देणे वाटते तितके सोपे नाही. पद्मिनीचा पिवळा माथा नेमका कोठे थांबे, टपाच्या पन्हाळीशी, की खिडक्यांच्या खांबांवरून खाली उतरून? स्मरणास विचारले तर दहा माणसे दोन उत्तरे देतील. छायाचित्रच पाहावे लागते, आणि एकच छायाचित्र पुरत नाही. कारण टॅक्सी पुन्हा पुन्हा रंगविली जाई आणि प्रत्येक रंगाऱ्याचा हात निराळा. त्याहून जुन्या काळाकडे वळावे तर छायाचित्रे कृष्णधवल आहेत, आणि कृष्णधवल छायाचित्र रंगांविषयी चक्क फसविते. १९३० च्या आधी सर्रास वापरात असलेल्या फिल्मवर तांबड्या प्रकाशाचा परिणाम होत नसे आणि निळ्याचा अतोनात होई. त्यामुळे तांबडा भाग काळाठिक्कर आणि निळा भाग फिकट उमटे. निळ्या डब्यावरची सोनेरी रेघ अशा चित्रात अंगाहून गडद दिसू शकते. जो कारागीर चित्रातील फिके-गडद तसेच उचलील, तो अगदी प्रामाणिकपणे उलटी गाडी रंगवील. म्हणून त्यास लिखित वर्णन शोधावे लागते, दोन्ही पुरावे एकमेकांशी ताडून पाहावे लागतात, आणि जेथे पुरावा सरतो तेथे थांबावे लागते. इतिहास लिहिणाऱ्याचे काम याहून फारसे निराळे नसते.

या सर्व इतिहासात एक हानीही आहे, ती नाकारून चालणार नाही. झाकणपट्टी आली आणि मनगटावर काठी टेकवून श्वास रोखणारा तो रेघवाला हळूहळू दिसेनासा झाला. त्याच्या रेघेस एक जिवंतपणा होता. आरंभी किंचित भरदार, शेवटी किंचित निमुळती. पट्टीची रेघ दोन्ही टोकांस सारखीच. परंतु झालेल्या अदलाबदलीत केवळ तोटाच झाला असे नाही. मनगटाची विद्या थोड्यांना साध्य होती आणि ती त्यांच्याबरोबरच जाई. आवरणाची विद्या सांगता येते, शिकविता येते. लोणंदसारख्या गावातील शाळकरी मुलासही दहा रुपयांचे पाते, काचेचा तुकडा आणि चिकटपट्टीची एक गुंडाळी एवढ्यावर तिचा आरंभ करता येतो. तिला लागणारे भांडवल मुख्यतः धीराचे असते. काय रंगवावयाचे यापेक्षा काय राखावयाचे, हे आधी ठरविण्याची सवय तिच्यामुळे लागते, आणि ही सवय एका छंदापुरतीच उपयोगी पडते असे कोणी म्हणणार नाही.

काम संपल्यावर पट्टीचे तुकडे केराच्या टोपलीत जातात. गाडी पाहणाऱ्यास त्यांचे नावही ठाऊक नसते. तो पाहतो ती दोन रंगांमधील एक स्वच्छ रेघ. आणि तीही तो फार वेळ पाहत नाही, कारण तिच्यामुळे गाडी कोणती हे त्यास क्षणार्धात कळून चुकलेले असते. अशी एखादी हातभर लांबीची तांबडी गाडी लोणंदच्या एखाद्या जुन्या उतारूपुढे ठेवावी. कपाळावरील पाटी वाचण्याच्या आधीच त्याने गाठोड्याकडे हात नेला, तर कारागिराने समजावे की शीव बरोबर पडली.